उद्याचं पान सुमन वाढील

तीर्थरूप आत्याबाईंस, सुनेचा नमस्कार.

उद्या तुमची तिथी. सामान आलं: पावशेर तूप पस्तीस रुपये, उडदाची डाळ अकरा, केळीची पानं सहा. तुमच्या पानात काटकसर करणार न्हाई. तुमची नात सुमनही आली, पुण्याहून, स्वतःच्या खर्चानं. तिच्यावरूनच घरात वाद झाला, म्हणून लिहायला बसले.

सुमन तिथं प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवते. मी विचारलं, "कशात गं?" म्हणाली, "आई, तू दुधाला विरजण लावतीस ना? तसा एका द्रवात थ्रॉम्बिनचा थेंब टाकायचा. जखमेवर रक्त गोठतं ते त्याच्यामुळंच. द्रव खरवसासारखा थिजतो आणि पेशी त्यात वाढतात." पुढं कधी भाजलेल्या माणसाला ती कातडी लावता यावी, ही त्यांची खटपट.

मंग पोरीनं धाकट्या भाऊजींसमोर खरं सांगून टाकलं, की हे थ्रॉम्बिन गाईच्या रक्तातून काढतात.

भाऊजींनी ताट सरकवलं. "पितरांचं पान हिनं वाढायचं न्हाई."

"काका, तुमच्या गुडघ्याच्या कॅप्सूलचं कवच कुणाच्या हाडांपासून करतात, सांगू का?"

"नको सांगू. गुडघा लई दुखून राह्यला माझा."

सगळे हसले. पण आज सकाळी सुमन हळूच म्हणाली, "घरात एवढं जड जात असंल तर सोडते मी ते काम."

जड मलाही गेलं. गाईला घास दिल्याबिगर जेवायचं न्हाई, हे वळण तुमचंच. देवापाशी बसले, तर डोळ्यापुढं तुमचा पाय आला. स्टो भडकून भाजलेली ती पोटरी शेवटपर्यंत भरून आली न्हाई. "कातडी उसनी मिळती का गं कुठं?" असं विचारायच्या तुम्ही. सुमन तेव्हा दहावीत, पट्टीसाठी पाणी उकळून द्यायची. तिनं ते मनात धरलं असंल का हो?

सोवळं तुमचं कडक. मला तर धुतल्या लुगड्याबिगर चुलीला शिवू दिलं न्हाई कधी. पण पट्टी बदलणाऱ्या नर्सबाईंना तुम्हीच चुलीपाशी बसवून चहा दिला. भाऊजी तेव्हाही कुरकुरले, तर म्हणालात, "जखमेला हात लावणारीला विटाळ न्हाई रे."

तेच मी आज त्यांना ऐकवलं. त्यांनी वर पत्र्याकडं, कावळे बसतात तिकडं, बघितलं. मंग म्हणाले, "वहिनी, आन् कावळा पानाला शिवला न्हाई तर?"

"तर मी उन्हात उभी राहीन. पान बदलणार न्हाई."

माझा शब्द घ्या, आत्याबाई. उद्याचं पान सुमनच वाढील, आणि परवाच्या पुण्याच्या गाडीत मीच तिला बसवून देईन. गाईला रोजच्याहून एक पोळी जास्त घालीन, तिचं ऋण मोठं आहे.

तुमचा होकार असला तर कावळ्याहाती उलट टपाली कळवावा. भाऊजी पत्र्याकडं बघत बसतील, त्यांच्या देखतच कळवावा.

तुमची सून,
कुसुम