बरी झालेली बाई

प्रिय कुरकुरबाई,

शिवणाचं दुकान पुन्हा उघडलंस आणि गिऱ्हाइकांशी भांडायलाही लागलीस, हे वाचून जिवाला बरं वाटलं. वॉर्डात आपल्या खाटा शेजारीशेजारी होत्या, तेव्हा तुझी कुरकुर ऐकता ऐकता माझी केमोची अख्खी दुपार निघून जायची. तेव्हा वैताग यायचा हो, आता आठवण येते.

इथलं म्हणशील, तर आपल्या हॉस्पिटलची फुकट व्याख्यानं जोरात चालू आहेत. तळमजल्यावरचा तोच हॉल, शिट्ट्या मारणारा तोच माइक. निम्मे लोक चहाबिस्किटांसाठी येतात. ते टोपीवाले आजोबा विषय कुठलाही असो, आपल्या गुडघ्याचंच विचारतात. परवा स्तनांच्या कॅन्सरवर व्याख्यान होतं, तरी विचारलंच! डॉक्टरीणबाई पडद्यावर चित्रं दाखवतात, बायका माना खाली घालतात. मग बाई म्हणतात, आता बऱ्या झालेल्या पेशंटकडूनच ऐका. की मी उभी! जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेली, मला माइक हवाय कशाला? सांगते, वेळेवर आले, उपचार पुरे केले, आज तुमच्यासमोर ठणठणीत उभी आहे. टाळ्या पडतात. नंतर एखादी तरी बाई मला जिन्यापाशी अडवते आणि हळूच म्हणते, शेजारणीसाठी विचारतेय. तिला हाताला धरून तपासणीच्या खोलीत न्यायचं, हे माझं काम.

तर परवाच्या या व्याख्यानाच्या जरा आधी माझा रिपोर्ट आला. आजार परतलाय गं. यकृतात आहे, मणक्यातही आहे. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून सगळं सांगितलं, पण बरं करू असं काही म्हणाल्या नाहीत. दुखणं कमी करू म्हणाल्या. घरी येऊन मी यांच्यावर खेकसले, भाजी खारट झालीय म्हणून. भाजी मीच केली होती. सगळं वेळेवर केलं होतं ना आपण? एक तपासणी चुकवली नाही. आता रागवायचं तरी कुणावर!

बाई म्हणाल्या होत्या, या वेळी तुम्ही बोलू नका. तरी गेले. कंबरेत कळ मारत होती, खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि तेच बोलले. ठणठणीत म्हणाले. बाई कागद आवरत राहिल्या, माझ्याकडे बघेनात. नंतर कडेवर पोर घेतलेली एक जण आली, म्हणाली, तुम्हाला बघून धीर आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी तिला खोलीपर्यंत नेलं.

हे तुला कळवायचं नाही, असं यांनी बजावलं होतं. ती घाबरेल म्हणाले. घाबरशीलच. तुझा आजार तोच, औषधंही तीच. हे वाचताना तुझा हात कुठे गेला असेल, ते मला ठाऊक आहे. माफ कर मला. पण पुढच्या व्याख्यानाला माझ्याच्यानं उभं राहवणार नाही, आणि आपल्या वॉर्डातली बरी झालेली दुसरी कुणी आता उरलेली नाही. माझ्या जागी तू ये. ठणठणीत म्हणवत नसेल, तर नको म्हणूस. आज मी इथे आहे, एवढंच म्हण. माझ्याबद्दल कुणी विचारलं, तर लेकीकडे राहायला गेली म्हणून सांग. मला लेक नाही, हे तिथे कुणालाच माहीत नाही.

तुझीच,
शेजारच्या खाटेवरची