दगडाबाईंचा बसचा पास परत घेण्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधीक्षक,
खाडीपट्टा नगर बस सेवा,
डोंबिवली (पश्चिम).

अर्जदार : सुदेश गोमाजी वैती, राहणार जुने बंदर, कोपर, डोंबिवली (पश्चिम).

विषय : अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती दगडाबाई गोमाजी वैती यांना मंजूर झालेला मोफत प्रवासाचा पास परत घेऊन त्यांना पूर्वीप्रमाणे तिकीट काढू देण्याबाबत.

संदर्भ : १) 'जुने बंदर' या थांब्यास 'गोमाजी वैती चौक' असे नाव द्यावे, असा अर्जदाराचा अर्ज.
२) तेच नाव त्वरित काढून टाकावे, असा त्याच अर्जदाराचा अर्ज.
३) वरील दोन्हींना कंटाळून आपल्या कार्यालयाने पाठवलेले पास मंजुरीचे पत्र.

महोदय,

१. अक्षर ओळखून आपण हा कागद बाजूला सारू नये, ही पहिली विनंती. होय, अर्जदार तोच आहे. अर्जदार घोडबंदर रोडवरील एका कार्यालयात हिशेबनीस असून रोज तेथील वाहतूक कोंडीत अडकतो. त्याचे बहुतेक अर्ज त्या कोंडीतच सुचलेले आहेत. तो रस्ता मोकळा असता, तर आपल्या कार्यालयाचा पुष्कळ कागद वाचला असता. अर्जदारास अर्ज लिहिण्याची खोड आहे हे घरच्यांनी त्याला अनेकदा तोंडावर सांगितले असून ते त्यास मान्य आहे.

२. संदर्भ क्रमांक एकच्या अर्जात अर्जदाराने असे नमूद केले होते की, त्याचे वडील कै. गोमाजी वैती यांनी जुन्या बंदराच्या नाक्यावर दीर्घकाळ समाजकार्य केले. वस्तुस्थिती अशी की, ते त्या नाक्यावर बसून जाळी विणत आणि आल्यागेल्याला वाट सांगत. वाट बहुधा बरोबर सांगत. चौकास त्यांचे नाव देण्याची कल्पना सुचण्यास मात्र शेजारचे श्री. मितेश कारणीभूत आहेत. त्यांच्या आजोबांचे नाव समोरच्या गल्लीस लागले, तेव्हापासून अर्जदारास जेवण गोड लागेना. मितेश यांचे आजोबा वाट सांगणे सोडाच, विचारलेल्या माणसावर खेकसत असत. असे असता त्यांची गल्ली आणि आमचे काहीच नाही, हे अर्जदारास सहन झाले नाही. सबब अर्जदाराने अर्ज केला, स्मरणपत्रे दिली, स्मरणपत्रांची आठवण करून देणारी पत्रे दिली, आणि अखेर निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत 'गोमाजी वैती चौक' असे नाव लागले. बसच्या थांब्याला आणि वाहकाच्या तिकीट मशीनलाही तेच नाव मिळाले. अनावरणाच्या दिवशी अर्जदाराने नवा सफारी शिवला होता. फोटोत फलकापेक्षा अर्जदारच अधिक दिसतो, असे अर्जदाराची कन्या मेघाली हिचे म्हणणे आहे.

३. या सगळ्या खटाटोपात अर्जदाराने सर्वांना विचारले, फक्त आईला विचारायचे राहिले. अर्जदाराच्या मातोश्रींनी आजवर पतीचे नाव उच्चारलेले नाही. त्यांच्या पिढीतील कोळी बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. घेतलेच तर उखाण्यात. एरवी 'अवो', 'आमचे ते' किंवा 'सुदेशचा बाबा' एवढ्यावर त्यांचा संसार निभावला. रेशन कार्डाच्या वेळी कारकुनाने पतीचे नाव विचारले, तेव्हा त्यांनी शेजारणीला पुढे ढकलून तिच्याकडून ते वदवून घेतले. हे सर्व अर्जदाराच्या डोळ्यांदेखत घडलेले असूनही, फलकाच्या नादात त्याच्या डोक्यात आले नाही. अशा रीतीने ज्या बाईने ज्या माणसाचे नाव जन्मभर घेतले नाही, तिच्या घराचा पत्ताच त्या माणसाचे नाव होऊन बसला आणि हे तिच्या पोटच्या पोराने अर्ज करकरून घडवून आणले.

४. मातोश्री डोंबिवली स्टेशनजवळच्या मच्छी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकतात. वय चौऱ्याहत्तर. घरात खायला काही कमी नाही. परंतु बाजारात बसल्याशिवाय त्यांना दिवस गेल्यासारखा वाटत नाही. परतताना शेअर रिक्षावाले त्यांची टोपली वासामुळे घेत नाहीत, म्हणून त्या आपल्या बसने येतात. रिक्षा स्टँडवर मात्र आता दिवसभर ओरडा चालतो, "चला गोमाजी, गोमाजी, एक सीट गोमाजी!" सुरुवातीस प्रत्येक ओरड्याला मातोश्री डोक्यावर पदर घेत असत. पावसाळ्यात तर कहर झाला. "गोमाजी पूर्ण खोदलाय", "गोमाजीला आज लय घाण जाम हाय", "गोमाजीच्या पुढं मी नाय जाणार, सस्पेन्शन गेलं माझं" ही वाक्ये त्यांना रोज ऐकावी लागली. एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अर्जदारास शांतपणे सांगितले, "तुझ्या बाबाच्या मधोमध पानी साचलंय. त्याचा कायतरी अर्ज लिव." अर्जदाराने तो लिहिला. खड्डा अद्याप आहे, पण तो विषय वेगळा.

५. बसमध्ये वाहक विचारणार, "कुठे?" मातोश्री सांगणार, "जुन्या बंदराव." जुन्या वाहकांना ते कळत असे. एके दिवशी नवीन वाहकाने मशीनमध्ये पाहिले, असा थांबा नाही म्हणाला आणि त्यांना मागच्या गाडीत बसवून दिले. मागची गाडी त्यांना शीळफाट्याला घेऊन गेली. तिथल्या फाट्यावर, ट्रकांच्या धुरळ्यात, टोपली पायाशी ठेवून त्या उभ्या होत्या. घर कुठे म्हणून चार माणसांनी विचारले. त्यांनी चौघांनाही सांगितले, "आमच्या यांच्या नाक्याव." शेवटी एका पानवाल्याने त्यांच्या पिशवीतल्या फोनवरून अर्जदारास बोलावले. अर्जदार रिक्षा करून पोहोचला, तेव्हा मातोश्री त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. परतीच्या रस्त्यात अर्जदाराने त्यांना सुचवले की, आपण थांब्याचे नाव चिठ्ठीवर लिहून देऊ, ती वाहकाला दाखवावी. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मना टपाल समजतंस काय?" त्या रात्री अर्जदाराने संदर्भ क्रमांक दोनचा अर्ज लिहिला आणि ज्या नावासाठी आपल्या पायऱ्या झिजवल्या, तेच काढून टाका म्हणून नव्याने झिजवू लागला. आपल्या कार्यालयातील शिपाई तेव्हापासून अर्जदार दिसला की जेवायला जातात.

६. दरम्यान आपल्या सेवेतील वाहक श्री. साईनाथ यांची त्या मार्गावर नेमणूक झाली. मातोश्री थांब्याचे नाव सांगेनात, मागे रांग वाढू लागली. साईनाथ यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अहो आजी, साधं नाही घेता येत ना? मग उखाण्यात घ्या की!" मातोश्रींनी टोपली नीट केली, पदर सावरला आणि म्हणाल्या,

"भरतीच्या पान्याला लाटांचा जोर,
गोमाजीरावांचं नाव घेतंय, उतरव त्यांच्यासमोर."

साईनाथ यांनी मशीनमध्ये 'गोमाजी वैती चौक' दाबले, अर्धे तिकीट फाडून हातात दिले. हा प्रकार मग रोजचा झाला. मातोश्री एकच उखाणा दुसऱ्यांदा घेत नसत. सुकट विकता विकता त्यांचे ओठ हलत असत, असे शेजारच्या कोळणी सांगतात. "टोपलीत बोंबील, वर घातली जाली, गोमाजीरावांचं नाव घेतंय गर्दीच्या वेली" हा उखाणा ऐकून उभ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्याचे अर्जदारास समजले. खड्ड्यांच्या दिवसांत "रस्त्याला खड्डा, खड्ड्यात पानी, गोमाजीराव नाखवा नि मी त्यांची रानी" असाही एक झाला. रोजचा नवा उखाणा ऐकण्यासाठी कॉलेजच्या मुली एक गाडी सोडून त्या गाडीला थांबू लागल्या. अर्जदारास यातले काहीच ठाऊक नव्हते. तो त्या वेळी घोडबंदर रोडवर नावबदलाचे स्मरणपत्र मनात जुळवत होता.

७. पुढे एका प्रवाशाने, उखाण्यामुळे गाडी थांब्यावर रेंगाळते, अशी तक्रार केली. साईनाथ यांना मेमो मिळाला. त्याच सुमारास अर्जदाराचा अर्जही आपल्यासमोर होता. आपण दोन्ही कागद एकत्र वाचून, कोणालाही सुचेल असा शहाणपणाचा मार्ग काढलात. मातोश्रींना मोफत पास दिलात. पास दाखवला की थांबा सांगायला नको, तिकीट नको, नाव नको. फलकही राहिला, गाडीही वेळेवर आली. अर्जदारास अत्यानंद झाला. त्याने पासला प्लास्टिकचे कव्हर घातले, ते दोरीत ओवले आणि स्वतःच्या हाताने आईच्या गळ्यात घातले. अर्ज करून काहीतरी चांगले झाल्याचा हा अर्जदाराच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

८. त्यानंतर काही दिवसांनी मातोश्रींनी बाजारात जाणे सोडले. गुडघे दुखतात म्हणाल्या. अर्जदाराने तेल आणले. सुकटीचा डबा उघडेनात, शेजारी बोलावले तर जाईनात. दारात बसून समोरचा रस्ता बघत राहिल्या. त्यातही अर्जदारास वाटले, वय झाले, आता आराम करते आहे, ठीकच आहे. गेल्या रविवारी तो आपल्याला पासबद्दल आभाराचे पत्र लिहायला बसला. लिहिलेले आईला वाचून दाखवायची त्याची सवय आहे, कारण बाकीचे ऐकत नाहीत. "सदर पासमुळे आमच्या मातोश्रींना वाहकाशी बोलण्याचाही त्रास उरलेला नाही" या वाक्यापर्यंत तो आला, तेव्हा मातोश्रींनी त्याला हाताने थांबवले. त्या जे बोलल्या, ते अर्जदार शब्द न बदलता खाली देत आहे :

"पोरा, तुझा बाबा गेला त्यापासून मना कोनी 'नाव घे' बोललं नाय. लग्नात नाय, हलदीला नाय. सगल्या बायांना बोलतात, माझ्यापाशी आलं का गप होतात. मेलेल्याचं नाव काय घ्यायचं, असा वाटत असंल त्यांना. त्या कंडाक्टरनं बोललं. रोज बोलायचा. आता तो कारड बघतो नि पुढं जातो."

एवढे बोलून त्या उठल्या आणि चुलीशी गेल्या. अर्जदाराने आभाराचे पत्र तिथेच अर्धवट सोडले. महोदय, अर्जदारास फार लाज वाटली. आईच्या तोंडी ते नाव येत नाही, म्हणून त्याला तिची कीव येत होती. ते घ्यायला ती आसुसली आहे, हे तिच्याबरोबर एका घरात राहून त्याला कळले नाही. लग्नात आणि हळदीच्या मांडवात आई कोपऱ्यात बसते, हे त्याने वडील गेल्यापासून नऊ वर्षे पाहिले. तिला कोपऱ्यात बसायला आवडते, असा त्याचा समज होता. आपल्या वाहकाने हे काही माहीत नसताना एका वाक्यात जे केले, ते अर्जदाराला एवढ्या अर्जांत जमले नाही.

९. तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन पुढीलप्रमाणे व्हावे :

संदर्भ क्रमांक दोनचा अर्ज मागे घेतला आहे असे समजावे आणि थांब्याचे नाव आहे तेच कायम ठेवावे. पास सोबत परत करीत आहे, तो रद्द करावा. मातोश्री नियमाप्रमाणे अर्धे तिकीट काढतील. श्री. साईनाथ यांचा मेमो मागे घ्यावा. दंड करायचाच असेल तर तो अर्जदारास करावा, तो या सर्व प्रकरणाचे मूळ आहे. उखाणा हा थांब्याचा सांगितलेला पत्ता म्हणून ग्राह्य धरावा. तो दोन ओळींचाच असेल, याची हमी अर्जदार देतो. सणासुदीला चार ओळींचा झाल्यास प्रवाशांच्या शिव्या अर्जदार स्वतः उभा राहून खाईल, त्यासाठी तो रजा टाकण्यास तयार आहे.

श्री. साईनाथ यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जो वाहक असेल, त्यासही कृपया तोंडी सूचना द्यावी. मातोश्री पुढच्या दाराने चढतात. आधी टोपली वर ठेवतात, मग स्वतः चढतात. त्यांना "कुठे जायचं?" असे विचारू नये. "आजी, नाव घ्या," असे म्हणावे आणि त्या म्हणेपर्यंत थांबावे.

एवढे झाल्यास अर्जदार आपल्या कार्यालयास पुन्हा कधीही अर्ज करणार नाही.

आपल्या कार्यालयाचा जुना उपद्रवी व नम्र,

(सही)
सुदेश गोमाजी वैती

ठिकाण : गोमाजी वैती चौक, डोंबिवली (पश्चिम)
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) मोफत प्रवासाचा पास, प्लास्टिकच्या कव्हरसह (दोरी काढून ठेवली आहे).
२) आपले आभार मानणाऱ्या पत्राचा अपुरा मसुदा. तो आलाच नाही असे समजावे.