घडी पडलेली पट्टी

॥ श्रीहरीची कृपा असो ॥

परळ, रुग्णालय

चि. सौ. यशोदेस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीच्या छातीवर ठोके टिपणारी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थरांची पट्टी लावली होती. “आजोबा, थर एकमेकांवर सरकतात म्हणून ती वळते. घडी पडली की मात्र तडकते हं!” नात जुईने बजावले होते.

एकादशीस वहिनी खाटेवरच ओणवी झाली. “देवापुढे ताठ कशी बसू?” म्हणत तिने मस्तक टेकवले. पट्टी तडकली, यंत्र मुके झाले, आणि हृदय अडखळल्याचे कोणासही वेळेवर कळले नाही.

अद्याप तिने डोळे उघडलेले नाहीत. नव्या पट्टीवर ठोके मंद उमटतात. तुझे गुडघे कसे आहेत? घाबरू नकोस, परंतु लवकर ये.

हे वाचणाऱ्या सर्वांच्या हृदयी नारायण जागता राहो.