गिटारवाल्याच्या तळहाताचे फोड

वाळूज,
फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप कारभारीमामांना भाचा त्रिंबकचा दंडवत. मामीच्या गुडघ्यांना, म्हशीच्या आजारी रेडकाला आणि तुमच्या तापट डोक्याला आराम पडला असेल, अशी आशा करतो. मी खुशाल आहे, म्हणजे कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करूनही दहा बोटं शाबूत आहेत. (इथं यालाच खुशाली म्हणतात.) पत्र लांबणार आहे, कारण शेवटी एक मागणं आहे आणि तुम्हाला आधी हसवल्याशिवाय ते मागायची माझी छाती नाही. आमचा बँड बुडायला आला आहे आणि तो वाचवणं तुमच्या हातात आहे.

बँड म्हटल्यावर तुम्हाला वरातीतले लाल डगले दिसतात, हे मला ठाऊक आहे. आमचा तसला नव्हे. आमचा रॉकचा. रॉक म्हणजे गाऱ्हाणंच, फक्त विजेवर चालणारं. गाणी मी लिहितो आणि कॅसिओ वाजवतो. आता पेटी मला शिकवली आपल्या देवळातल्या भजनी मंडळानं, उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. कॅसिओला भाता नाही हे माझ्या डोक्याला समजलं, डाव्या हाताला पाच वर्षांत समजलं नाही. गाणं रंगात आलं की तो आपला मागं जाऊन हवा भरतो. वैजापूरला एका लग्नात ऐन गाण्यात वीज गेली. सगळे थांबले, मी मात्र हवा कमी पडली समजून जोरजोरात भाता मारत राहिलो. मांडवातल्या बायकांना वाटलं, पोराला झटका आला. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला. वीज आल्यावर आम्ही माझी स्वतःची तीन गाणी सलग वाजवली. (त्यातलं ‘तिसरी पाळी’ मला फार आवडतं.) ती संपल्यावर नवरदेवाचा चुलता स्टेजवर चढला आणि अदबीनं म्हणाला, “पाव्हणं, लई वेळ झाला जुळवाजुळव करताय. वाजवायला कवा सुरू करता?”

तरीही गुलमंडीजवळच्या एका दुकानदारानं आमची कॅसेट काढायचं कबूल केलं आहे. (त्यानं आम्हाला अजून ऐकलेलं नाही.) येत्या रविवारी ध्वनिमुद्रण. ही संधी गेली तर मी जन्मभर पत्रा कापणार. आणि ती जाणार, कारण आमच्या गिटारवाल्याला गिटार धरता येत नाही. गिटारवाला म्हणजे रामकिसन, आपल्याच गावच्या बौद्धवाड्यातल्या मालनबाईचा मुलगा, माझ्याच कारखान्यात कामाला, माझ्याच खोलीत राहणारा. माझ्या शब्दांना चाल तो लावतो. तो नसला तर माझी गाणी म्हणजे नुसत्या कामगाराच्या तक्रारी.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी वाड्यातल्या लोकांनी दिवे लावले, साखर वाटली. दुसऱ्या दिवशी गावानं त्यांना किराणा बंद केला, मजुरी बंद केली. आणि मालनबाई तुमच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आली तेव्हा तुम्ही सांगितलंत, गिरणीचा पट्टा तुटला. बरं, पट्टा तुटतो. पण महिना झाला, मामा. रामकिसन इथून विकतचं पीठ घेऊन गेला तर म्हातारीनं हात लावला नाही. “घरात जवारीचं पोतं असताना इकतचं पीठ कामून खाऊ? म्या काय चोरी केली व्हय?” म्हणाली आणि माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. तिचा खांदा निखळलेला. म्हणून हा दर सुट्टीला गावी जाऊन जात्याला बसतो, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचंही दळून देतो. काल परत आला तेव्हा दोन्ही तळहातांची सालटी निघालेली. तारेला बोट लावलं आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली. मी चेष्टेनं म्हणालो, जात्याचाच ताल घेऊ गाण्यात. तो हसला नाही. मलाही फार लाज वाटली.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

आपला भाचा,
त्रिंबक

ता. क. मागणं राहिलंच. पट्टा कन्नडला मिळतो. नसेल तर मी इथून पाठवतो, कारखान्यात मापानं कापून देतात. गाव तुम्हाला काय म्हणेल याची भीती वाटत असेल, तर सगळा दोष माझ्यावर ढकला. सांगा, भाचा शहरात बिघडला, त्यानं गळ घातली. पण मालनबाईचं दळण घ्या.

ता. क. २. हे पाकीट बंद करत होतो तेवढ्यात पिशोरच्या गाडीचा कंडक्टर तुम्ही पाठवलेली बाजरीच्या पिठाची पिशवी देऊन गेला. हात घातला तर पीठ आतून अजून कोमट होतं, गिरणीतून नुकतंच निघालेलं असतं तसं. मामा, पट्ट्याचं आता राहू द्या. पिशवी रामकिसननंही पाहिली. मी भाकरी केली नाही. कॅसेटवाल्याला नको म्हणून निरोप पाठवला आहे. शनिवारी मी गावी येतो आहे. मामीला म्हणावं, माझं ताट मांडू नको. मी मालनबाईकडं उतरणार आहे, जात्याला दुसरा माणूस लागतो.