आबा, सीट मागे घेऊ का?

६ जुलै १९९७, रविवार. बारामती

इस्राएलच्या अभ्यास दौऱ्यासाठी माझी निवड झाली. कारखान्याच्या ऊस विकास खात्यातून मी एकटाच, बाकी सगळे बागायतदार. तिथले ठिबक सिंचन पाहायचे आणि आल्यावर अहवाल द्यायचा. विमानात पहिल्यांदाच बसणार.

आनंद आहेच, पण खरा आनंद वेगळा. यादीत डाळजचे ज्ञानदेव आबाही आहेत. म्हणजे बुद्धघोषचे वडील. मुलगा वालचंदनगरला इंजिनिअर, निर्व्यसनी, कंपनीची क्वार्टर. आमच्या प्रियदर्शनीला पाहण्याचा कार्यक्रम मागच्या महिन्यात झाला. पसंत असावी. काय ते दौऱ्यानंतर कळवतो, असे आबा म्हणालेत. म्हणजे तोवर ते मला जवळून पाहणार. आणखी काय हवे?

निश्चय: दौऱ्यात लग्नाचा विषय आपण काढायचा नाही. माझे वागणेच बोलेल.

आमच्यात हुंडा नाही, मानपान नाही. मुलीचा बाप म्हणून मी वाकणार नाही. शिकलेला म्हणून ताठाही दाखवणार नाही. दोन्ही एकाच वेळी कसे जमवायचे, ते विमानात बसेपर्यंत ठरवू.

८ जुलै

ट्रॅव्हल्सवाल्याने सगळ्यांची मीटिंग घेतली. पट्टा कसा लावायचा, संडासात पाणी कसे सोडायचे, वगैरे. मग म्हणाला, सीटच्या हाताला बटण असते. ते दाबून पाठ टेकली की सीट मागे जाते. मागच्याला विचारून घेतलेली बरी.

कोणी लक्ष दिले नाही. सांगवीच्या मानसिंगरावांनी विचारले, जेवणात मटण असतं का? पण माझ्या मनात ते वाक्य रुतले. मागच्याला विचारून. किती साधी, किती सुसंस्कृत गोष्ट!

मीटिंग संपल्यावर माझ्या मागे कोण बसणार, हे विचारून घेतले. ज्ञानदेव आबा. उंच माणूस, त्यात गुडघ्याचे दुखणे.

१० जुलै

पुण्याला ऑफिसचे काम काढले आणि मुद्दाम पुशबॅक सीटच्या लक्झरीने गेलो. सराव. मागे धोतर-टोपीवाले एक गृहस्थ होते. वळून विचारले, काका, सीट मागे घेऊ का? ते म्हणाले, का वं, बरं वाटंना व्हय तुमाला? म्हणालो, नाही, सहजच. म्हणाले, मग सहज कशाला मागं येताय? म्होरं बघा की गुमान.

हडपसरपर्यंत ताठ बसलो. पाठ अवघडली, पण सराव उत्तम झाला. विचारायची भीड चेपली.

१२ जुलै

सकाळी प्रियदर्शनी चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, पप्पा, बोलायचंय. कोल्हापूरला एम.एस्सी.साठी अर्ज केला होता, त्याच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे.

मी तिला मायेने थांबवले. म्हणालो, बाळ, माझे चित्त सध्या दौऱ्यात आहे. अर्धवट लक्ष देऊन तुझ्या आयुष्याचा निर्णय घेणे हा तुझ्यावर अन्याय होईल. आलो की निवांत बोलू. तोवर कोणी काही ठरवू नका.

बरं म्हणाली. समजूतदार पोर. मुलीवर मी कधीही सक्ती केलेली नाही, याचे समाधान वाटते.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, मुलाखत कधी आहे ते तरी विचारा. तिला सांगितले, तपशील नंतर.

१३ जुलै, रविवार

विहारात वंदनेला गेलो. लक्ष लागले नाही. सम्यक वाणी आहे, सम्यक कर्म आहे. सीट मागे घेणे यातल्या कशात बसते? विचारणे ही वाणी, बटण दाबणे हे कर्म. पण मी सीट मागे घेतलीच नाही, तर ते आबांच्या गुडघ्याच्या काळजीने, की मुलाकडच्यांच्या धाकाने? काळजी असेल तर करुणा. धाक असेल तर गुलामी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. हा खरा घोळ आहे.

घरी बोललो. बायको म्हणाली, मग मागं घेऊ नका आणि विसरून जा. तिला प्रश्नाची खोली कळलेली नाही.

१५ जुलै. विमानात, दुपारी

हे पाय आवळून लिहितो आहे.

माझ्या पुढे मानसिंगराव. बसल्या बसल्या त्यांनी बटण दाबले आणि थेट माझ्या मांडीवर आले. हवाई सुंदरीने येऊन त्यांना सरळ केले. विमान वर गेले, तसे ते पुन्हा खाली आले. आता मी मान खाली घातली की त्यांच्या डोक्यावरचे टक्कल दिसते. विचारले वगैरे काही नाही.

शेजारी इंदापूरचे बादशाहभाई. त्यांचे पाइप आणि ठिबकच्या सामानाचे दुकान आहे. म्हणाले, सायेब, तुमीबी घ्या की मागं. म्हणालो, विचारून घेणार आहे.

वळून विचारले, आबा, सीट मागे घेऊ का? आबा म्हणाले, घ्या की. इचारायचं काय त्यात?

आता प्रश्न असा की, इचारायचं काय त्यात, हा होकार की टोमणा? आपल्याकडे पहिल्या होकाराला काही अर्थ नसतो. पाहुणा चहा नको म्हणतो, तेव्हा त्याला हवा असतो. घरवाला जेवूनच जा म्हणतो, तेव्हा आत पीठ संपलेले असते. म्हणून थोडे थांबून पुन्हा विचारले. आबा म्हणाले, घ्या वं, बिनघोर घ्या.

यातला वं कानाला बरा वाटला नाही.

संध्याकाळी, विमानातच

जेवण आले. मानसिंगरावांमुळे ताट छातीला टेकले. वरण शर्टावर. मटण नव्हते म्हणून मानसिंगराव रुसले आणि आणखी मागे झाले.

तिसऱ्यांदा विचारायचे ठरवले. तिसऱ्यांदा जो होकार येतो तो खरा. वळलो तर आबांचे डोळे मिटलेले. हलकेच गुडघ्याला हात लावला. दचकून उठले. म्हणाले, काय झालं? उतरायचं का? म्हणालो, नाही आबा, सीटचं विचारत होतो. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, घ्या.

शेवटी मध्यम मार्ग काढला. दोन बोटे मागे घेतली. मागे गेल्याचे त्यांना कळणार नाही आणि न गेल्याची रुखरुख मला राहणार नाही. पण पाठीला आबांचा गुडघा लागल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा सरळ केली. मग वाटले, ही गुलामी. पुन्हा दोन बोटे. मग वाटले, ही क्रूरता. पुन्हा सरळ.

बादशाहभाई म्हणाले, सायेब, इमान उतरायला आलं, तुमचं अजून ठरंना. एकतर मागं व्हा न्हायतर म्होरं, माझा हात सापडतोय मधी.

एकंदरीत प्रवास चांगला झाला. आबांवर छाप पडली असावी.

१८ जुलै. इस्राएल

मान एका बाजूला वळत नाही. त्यामुळे डावीकडचे ठिबक पाहता आले, उजवीकडचे बादशाहभाईंना विचारून घेतले. अहवालाला अडचण नाही.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. विषय आबांनीच काढला, मी नाही. म्हणाले, सोमनाथराव, पोरगी काय म्हणती आमच्या बुद्धघोषाबद्दल? म्हणालो, आबा, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. म्हणाले, तसं न्हवं, ती काय म्हणती? मी पुन्हा तेच सांगितले, अधिक नम्रपणे.

आबांनी काकडी उचलली आणि खायला लागले. माणूस मितभाषी आहे. मला वाटते जमले.

प्रियदर्शनी आता घरी काय करत असेल? तिची मुलाखत केव्हा, ते विचारायला हवे होते की काय? पण तेव्हा विचारून अर्धवट लक्ष देण्यापेक्षा न विचारणे प्रामाणिकपणाचे होते. असे मला अजूनही वाटते. आज सकाळी वाटत होते त्यापेक्षा थोडे कमी.

२२ जुलै. परतीच्या विमानात

या वेळी आबा माझ्या पुढच्या सीटवर. पट्टा सोडायची परवानगी मिळाली, तशी त्यांनी सीट मागे टाकली. पूर्ण. न विचारता.

आधी वाटले, चुकून. मग वाटले, मुलाकडचे म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखतो आहे, आणि मी त्यात मुलाकडचे शोधतो आहे. मग वाटले, गुडघा मलाही आहे.

बादशाहभाई म्हणाले, सांगा की त्यांना. आबा, जरा म्होरं व्हा, एवढंच. फाशी देत्यात का काय? म्हणालो, तसे नाही, यात बरेच पदर आहेत. ते म्हणाले, पदर न्हाईत सायेब, दोन गुडघं हाईत. तेबी तुमचंच.

मनात वाक्य जुळवले. आबा, माझी काही तक्रार नाही, परंतु. परंतुच्या पुढे जाता येईना.

इतक्यात आबाच वळून म्हणाले, पाव्हणं, तरास तर न्हाय न्हवं? एवढी सोन्यासारखी संधी. आणि मी काय म्हणालो? छे छे आबा, उलट बरं वाटतंय. आणखी घ्या.

आणखी घेता येत नव्हती. तरी त्यांनी पाठ रेटून पाहिली.

बादशाहभाईंनी तोंडावर रुमाल टाकला. झोपले असावेत, पण खांदे हलत होते.

नोंद करून ठेवतो: मी वाकलो नाही. वाकायला जागाच नव्हती.

२४ जुलै. बारामती

गुडघे सुजले. बायको तेल लावताना म्हणाली, ठिबक बघायला गेला होतात ना?

प्रियदर्शनीने पाणी आणून दिले. म्हणालो, बोल बाळ, आता मी मोकळा आहे. काय म्हणत होतीस? म्हणाली, काही नाही पप्पा, झालं ते. म्हणालो, वा! झाले तर उत्तमच. ती आत गेली.

चला, एक प्रश्न आपोआप सुटला.

२७ जुलै, रविवार

आबा आले. डाळजहून भल्या सकाळी निघालेले. जय भीम घातला आणि भिगवणची मरळ पिशवीतून काढून बायकोच्या हातात दिली. ज्या अर्थी मासे आणले त्या अर्थी होकारच आणला, असे मी मनात म्हटले.

चहा झाला. आबा म्हणाले, पोरीला बलवा.

प्रियदर्शनी आली. आबा म्हणाले, बाय, आमचा बुद्धघोष तू पायलास. आता तुझं तू सांग. काय असंल ते. मी म्हणालो, आबा, ती तर. आबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. तुमी थांबा.

ती म्हणाली, मुलगा चांगला आहे, आबा. पण मला पुढं शिकायचंय. लग्न इतक्यात नाही करायचं.

आबा म्हणाले, मग शिक की. कुठं जायचं म्हणतीस?

ती म्हणाली, कोल्हापूरला जाणार होते. मुलाखत होती. झाली.

झाली म्हणजे, गेलतीस?

नाही. पप्पा इस्राएलला होते. आल्यावर बोलू म्हणाले होते, तोवर काही ठरवू नका म्हणाले होते. आता पुढच्या वर्षी.

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मला वाटले, मला आधी सांगितले असते तर मी दौरा रद्द केला असता. तसे म्हणालोही. पण ते ऐकायला कोणी थांबले आहे, असे वाटले नाही.

आबा म्हणाले, मग बाय, आमी थांबावं का जावं? आडपडदा ठिवू नगंस.

ती म्हणाली, जावा, आबा. राग मानू नका.

आबा हसले. खरेच हसले. म्हणाले, राग कशाचा? एका वाक्यात मोकळं केलंस की आमाला. मासं तेवढं आजच करा, उद्या ऱ्हायचं न्हाईत.

फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, आबा, माझे काही चुकले का? म्हणाले, न्हाय वं. तुमी लई चांगलं हाय, सोमनाथराव. पर तुमच्यासंगं ऱ्हायलं की माणूस लई दमतंय.

मी विचारले, म्हणजे कसे? त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

याचा अर्थ काय घ्यायचा? आदराने दडपण येते, असे त्यांना म्हणायचे असेल. असेलही. नसेलही. मरळ चांगली झाली होती, असे बायको म्हणाली. मला चव लागली नाही.

२९ जुलै

कोल्हापूरला फोन लावला. सगळ्या जागा भरल्या, असे कळले. अपवाद म्हणून काही करता येईल का, असे विचारले. पलीकडच्या माणसाने विचारले, मुलगी मुलाखतीला का आली नाही? कारण सांगायला सुरुवात केली. मला इस्राएलपासून सांगावे लागले. मध्येच फोन कट झाला, की त्याने ठेवला, नक्की कळले नाही.

प्रियदर्शनी गल्लीतल्या मुलांची शिकवणी घ्यायला लागली आहे. मला सांगितले नाही. आवाज ऐकून कळले.

३१ जुलै

प्रियदर्शनी परसात धुणे धूत होती. दोन दिवस बोलते, पण लागेल तेवढेच. जवळ जाऊन विचारले, बाळ, रागावलीस का माझ्यावर? म्हणाली, नाही. विचारले, खरंच? म्हणाली, खरंच. थोडा वेळ तिथेच घुटमळलो. मग म्हणालो, नाही, म्हणजे मनात काही असेल तर.

तिने चादरीचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले आणि पिळायला लागली. म्हणाली, पप्पा, तुम्हाला बरं वाटेपर्यंत मी किती वेळा नाही म्हणायचं, ते एकदा सांगून टाका. तेवढ्या वेळा म्हणते.

मी चादर धरून उभा राहिलो. आकडा सुचला नाही.