लेथ चालवून दाखवा

प्रिय सूनबाई,

तू आणि छकुली मजेत असाल. तिला दात येतोय म्हणे, म्हणजे तुझ्या आईच्या घरात सध्या कोणाचीच झोप होत नसणार. इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत. स्वयंपाक माझा, तक्रारी तुझ्या नवऱ्याच्या. तुझा लाकूड फिरवून कोरायचा लेथ विकायचं काम त्याने माझ्यावर सोपवलंय, हे तुला ठाऊक आहेच. "तिनेच सांगितलंय बाबा, आता तो धूळ खात कशाला ठेवायचा," असं म्हणून तो ऑफिसला गेला. खोटं कशाला बोलू, मागची खोली रिकामी होणार म्हणून मी खूश होतो. तिथे आरामखुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते खुर्च्यांचे पाय करणारं. त्याने लेथभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चालवून दाखवा." एवढंच ना, म्हटलं. चार वर्षं तुला दारातून पाहत आलोय. एक ठोकळा अडकवला, बटण दाबलं, हत्यार पुढे केलं. खाडकन आवाज झाला, ठोकळा उडून खिडकीच्या चौकटीवर आपटला आणि गिऱ्हाईक थेट फाटकापाशी दिसलं. यंत्रात दोष आहे म्हणत गेलं. दोष कोणात होता ते मला माहीत होतं, म्हणून फार लागलं. पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत निदान एक वाटी तरी करून दाखवता यायला हवी, या इरेला मी पेटलो.

शिकवायला कोण होतं? तूच. लेथमागच्या फळ्यावर तू स्वतःसाठी खडूने लिहिलेलं सगळं अजून तसंच आहे. 'आधी पाठ टेकव, मग मूठ उचल.' हत्याराला पाठ असते हे कळायलाच मला दोन दिवस लागले. धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, मग मूठ हळूच वर न्यायची, की धार आपणहून लाकडात शिरते. मी आपला भाला घेतल्यासारखा सरळ धारच खुपसत होतो. तिसऱ्या दिवशी जमलं. खरखर थांबून सळसळ सुरू झाली, लाकडाची लांब साल सुटून माझ्या मनगटावर आली, आणि मी एकटाच "वा!" म्हणून ओरडलो. त्याच्याखाली तू लिहिलंयस, 'घाई झाली की चहा.' त्या आठवड्यात मी फार चहा प्यायलो.

वाटीला मात्र हसू नकोस. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून दिल्या, वीतभर इकडेतिकडे होऊ दिली नाही. वाटीही मोजूनच कोरली. फक्त मागच्या बाजूला, लाकूड धरून ठेवणाऱ्या पकडीचे जबडे बसायला जी खोबण पाडावी लागते, ती हिशेबात धरायची राहिली. शेवटचा एक हात फिरवला आणि तळच गळून पडला. तुझ्या नवऱ्याने ती डोळ्याला लावून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, नरसाळं झकास झालंय." आणखी एक कबुली. तुझी आवडती गोल पटाशी धार लावताना मी जाळली. टोक निळं पडलं, आणि ते घासून काढता काढता ती बोटभर आखूड झाली. त्याबद्दल खुशाल रागाव.

फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ बाकीच्यांपेक्षा गडद आहे, तू ती पुन्हा पुन्हा गिरवली असावीस. 'दोन ते चार बंद. बाबा झोपतात.' सूनबाई, ती वाचून मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिलो. चार वर्षं मी समजत होतो की माझी झोपच गाढ आहे. वर जेवताना तुझ्या भुशाबद्दल कुरकुर करायचो, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आता मनापासून मानतो. त्या झोपेचे, या शिकवणीचे, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठून काहीतरी करावंसं वाटतंय, त्याचेही.

आता हे पत्र का, ते सांगतो. लेथ विकायचं तू ठरवलंस, असं सगळे म्हणतात. पण तू गोड बातमी दिलीस त्या दिवशी जेवताना, "आता ते भुशाचे खेळ पुरे, आई व्हायचंय तुला," असं म्हणणारा मीच होतो. तू "हो, बाबा" म्हणालीस आणि ताट उचलून आत गेलीस. मला वाटलं, किती समजूतदार पोर! ते 'हो' मी तुझ्याकडून काढून घेतलं होतं, हे कळायला मला स्वतः लेथपुढे उभं राहावं लागलं. बुधवारी दुसरं गिऱ्हाईक आलं. मी नीट चालवून दाखवला. त्याला पसंत पडला, न्यायला गाडीही आणली होती. मी म्हटलं, माफ करा, मालकीणबाईंना एकदा विचारायचं राहिलंय. तुझ्या नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतोय. तुला तो खरंच नको असेल तर मी स्वतः त्या माणसाकडे पोचवीन. पण कारण छकुली असेल, तर सकाळी नऊ ते एक ती माझी. लंगोट बदलायला शिकेन, आधी चार बिघडवीन, पण शिकेन. उत्तरात मात्र 'हो, बाबा' लिहू नकोस. तुला काय हवंय, ते लिही.

तुझाच,
बाबा