हिमानीचे नवे बूट

मानक नगर, लखनौ
१२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास नयनाचा शि. सा. नमस्कार.

माझा फोन हे तपासतात, म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या शर्वरीवहिनींच्या पत्त्यावर पाठव.

तुझ्या भाचीचे, हिमानीचे बूट आले. घोट्याच्या वर उंच, आत तिच्या पायाच्या मापाचा प्लास्टिकचा साचा, वर तीन पट्टे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या टाचा कधी टेकल्याच नव्हत्या; सातव्या वर्षी पहिल्यांदा टेकल्या. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, सुरुवातीला रोज अर्धाच तास, आणि काढल्यावर कातडी बघायची. पण ह्यांना घाई. व्हरांड्यात वीस फेऱ्या मारायला लावतात. टाचेला फोड आले तरी थांबत नाहीत. गेल्या मंगळवारी ती पडली, तर ह्यांनी स्टीलची पट्टी उगारली. मी हात मध्ये घातला. करंगळी मोडली. डॉक्टरांना सांगितलं, दारात सापडली.

तिकडे घरी आपल्या वहिनीला कळवू नकोस.

तुझी भांडकुदळ बहीण,
नयना


सातारा
१७ फेब्रुवारी २०२४

चि. नयनास अनेक आशीर्वाद.

वेणी ओढली म्हणून माझ्या दंडाला कडकडून चावणारी तू, आणि आता दाराचं नाव सांगतेस? अनुपरावांना फोन करणार होतो, पण तो राग तुमच्यावरच निघेल. दोन मार्चचं तिकीट मिळालंय. तोवर बूट शर्वरीवहिनींकडे लपव. बूटच नसले तर चालवतील कसे? हिमानीला गोड पापा.

तुझा,
अभिरामदादा


गोमती नगर, लखनौ
२६ फेब्रुवारी २०२४

ती. दादास सा. नमस्कार.

शर्वरीवहिनींच्या बहिणीच्या घरून लिहितेय. तू म्हणालास तसे बूट लपवले. शनिवारी अनुपने घर पालथं घातलं, माझा फोन भिंतीवर आपटून फोडला. मग अनवाणी हिमानीला दंडाला धरून फरफटत व्हरांड्यात नेलं. गुडघे सोलवटले. ती हिंदीत ओरडत होती की बूट तिनेच फेकले, मम्मीला मारू नका. त्याने तिच्या पोटात लाथ घातली.

मी तिचा लोखंडी वॉकर त्याच्या डोक्यात घातला. तो पडला. पडल्यावरही एकदा घातला, दादा. तुझ्यापासून लपवत नाही. त्याला नऊ टाके पडलेत. पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतलेत. हिमानीच्या पोटाला आतून काही झालेलं नाही. तुझ्यावर राग नाही. वाट कुठलीही धरली असती तरी त्याने मारलंच असतं.

काल बूट चढवायला तिच्यासमोर बसले. तिने आपणहून पाय पुढे केला, आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

लवकर ये. तुझ्या मायेची आज फार गरज आहे.

नयना